मास्तरांचा अर्धा फळा

अप्पांनी खडू रेघेच्या पलीकडे नेला तेव्हा मी त्यांचा हातच धरला.

"अप्पा, ती काकांची बाजू आहे."

"मला दिसतंय," अप्पा म्हणाले. "सोड हात."

सकाळचे सात वाजले होते. सोनवडीच्या चौकात चहाची पहिली किटली उकळत होती, दोन-तीन म्हातारे बाकावर येऊन टेकले होते. आणि माझा बाप, मुरलीधर हिंगमिरे, एसटीचा रिटायर झालेला कंट्रोलर, ज्याने अख्ख्या नोकरीत एका फलाटाची गाडी दुसऱ्या फलाटावर लागू दिली नाही, तो भर चौकात दुसऱ्याच्या जागेत लिहायला निघाला होता.

आता हा फळा काय भानगड होती ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात. चौकात निवृत्ती माळवदे यांचं शिलाईचं दुकान होतं. गावात सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, मी निवृत्तीकाका म्हणायचे. दुकानाच्या बाहेरच्या भिंतीवर एक मोठा काळा फळा होता आणि त्याच्या मधोमध पांढऱ्या रंगाची उभी रेघ. डावीकडे अप्पा लिहायचे, उजवीकडे काका. वर पेपरातली एक बातमी, एक दिवस अप्पांनी निवडायची, दुसऱ्या दिवशी काकांनी. खाली दोघांनी आपापलं मत पाच ओळींत मांडायचं. सहावी ओळ नाही. शिवी नाही. दिवसभरात पुसायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की दुसऱ्या दिवशी सकाळी आपलं लिहिलेलं आपण पुसायचं नाही, ते समोरच्याने पुसायचं, आणि तेही आधी मोठ्याने वाचून. म्हणजे ज्याचं म्हणणं पटत नाही ते रोज स्वतःच्या तोंडाने म्हणायचं आणि मगच ओला फडका फिरवायचा. मी जन्मायच्या आधीपासून हे चाललं होतं. एकतीस वर्षांत एकाही बातमीवर दोघांचं एकमत झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. कधी झालंच असेल तर दोघांनी ते लपवलं असणार, इतके दोघे हट्टी.

त्या वर्षी पावसाळा सरल्यावर काकांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि जीभही गेली. समजत सगळं होतं. डोळे तसेच, जागे आणि मिश्कील. पण तोंडातून शब्द निघेना. डॉक्टर म्हणाले, रोज प्रयत्न केला तर थोडंफार परत येईल, सोडून दिलं तर मात्र कायमचं जाईल. दुकान बंद झालं आणि फळ्याची उजवी बाजू रिकामी राहिली.

दोन महिने अप्पांनी एकट्याने डावीकडे लिहिलं. वाचणारेच नसायचे. भांडणाशिवाय कोण कशाला थांबेल? पुढे पुढे रिकाम्या बाजूवर क्लासच्या जाहिराती चिकटायला लागल्या. एके सकाळी तिथे कुणीतरी 'खोली भाड्याने देणे आहे' असं लिहून फोन नंबर टाकला. अप्पांनी तो पुसला, आणि मग मघाशी सांगितलं ते घडलं. खडू रेघेपलीकडे गेला.

त्या दिवशीची बातमी होती रेशन दुकानातल्या अंगठ्याच्या यंत्राची. अप्पांनी आपल्या बाजूला लिहिलं होतं की, यंत्र आलं म्हणजे धान्याची गळती थांबेल, ज्याचा अंगठा त्याचं धान्य, यात वाईट काय. आणि उजवीकडे काकांच्या वळणाचं, किंचित तिरकं अक्षर काढत लिहिलं: 'मला सांगा, चाळीस वर्षं शेतात तण भांगलून जिच्या बोटांच्या रेघाच झिजल्या, तिने यंत्राला काय दाखवायचं? यंत्र म्हणतं ही बाई ती नव्हेच. बाई तर समोर उभी आहे. आता खोटं कोण बोलतंय?'

'मला सांगा' ही काकांची सुरुवात. खरं सांगते, काकाच बोलल्यासारखं वाटलं.

तासाभरात फळ्यापुढे गर्दी. मास्तर घरून सांगतात आणि कंट्रोलर लिहून घेतात, असं लोकांनी आपलं आपणच ठरवून टाकलं. अप्पांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मी रागावले तर म्हणाले, "मास्तर काय म्हणाला असता हे मला झोपेतून उठवून विचार."

या प्रकरणात माझाही हात होता, तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मी तेव्हा रोज जाऊन-येऊन कराडला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि मला नवा फोन घेतला होता. रोज सकाळी फळ्याचा फोटो काढून मी 'चौक' नावाच्या ग्रुपवर टाकायचे. गाव सोडून पुण्या-मुंबईला, परदेशाला गेलेले दीड-दोनशे लोक त्यात होते. तोच फोटो मी सरूकाकूंच्या, म्हणजे निवृत्तीकाकांच्या बायकोच्या, फोनवरही पाठवायचे. त्या तो काकांना वाचून दाखवायच्या. अप्पांनी मला बजावलं, "वहिनींना पाठवशील तो डावीकडचाच अर्धा पाठव. मास्तरला उगाच वाईट वाटेल." मग मी रोज बोटाने फोटो कापायचे. ग्रुपवर अख्खा आणि काकांना अर्धा. करताना बरं वाटत नव्हतं, पण करत राहिले.

तीन आठवडे असे गेले. एवढ्या दिवसांत अप्पांना काकांची बाजू लिहायचा नाद लागला. रात्री जेवताना घास हातात तसाच ठेवून विचार करायचे, मधेच हसायचे. आई म्हणायची, स्वतःशीच भांडतोय आणि स्वतःच हरतोय, असा माणूस मी बघितला नाही. आणि खरोखर हरतच होते. उजवी बाजू डावीपेक्षा सरस व्हायला लागली होती. स्वतःच्या बाजूला अप्पा एरवी लिहायचे तसं ठोकळेबाज लिहायचे आणि काकांच्या बाजूला जीव ओतायचे. त्यांना मित्राची इतकी आठवण येत होती, की त्याला घडवल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नव्हता.

मग कॅमेऱ्यांची बातमी आली. नगरपंचायतीने चौकात कॅमेरे बसवायचं ठरवलं. अप्पांनी डावीकडे लिहिलं, चांगलं आहे, सरळ चालणाऱ्याला कशाची भीती. आणि उजवीकडे लिहिलं: 'मला सांगा, माणूस चौकात येतो तो चार गोष्टी बोलायला. वर डोळा बसवलात की तो दोनच बोलेल. पुढच्या साली एकही बोलणार नाही. मग कॅमेऱ्यात दिसेल काय? रिकामा चौक.'

ग्रुपवर नुसता पाऊस पडला शाबासकीचा. मास्तर ते मास्तरच, असं जो तो लिहीत होता.

संध्याकाळी आईने दिलेली भाकरी आणि वांग्याची भाजी घेऊन मी काकांकडे गेले होते. काका खाटेवर उशाला टेकून बसले होते. तेवढ्यात सरूकाकूंच्या फोनवर मस्कतहून त्यांच्या मुलाचा, संदेशचा, व्हिडिओ कॉल आला. तो पोरगा आनंदाने नुसता फुलला होता. म्हणाला, बाबा, कामातून फोन करायला जमलं नाही, पण ग्रुपवर रोज वाचतो तुमचं, आजचं तर कळस आहे, मी इथल्या सगळ्या मराठी पोरांना दाखवलं. आणि त्याने त्या पाचही ओळी मोठ्याने वाचून दाखवल्या. "बाबा, तुम्ही बोलायला लागलात आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही," म्हणाला.

मी भाजीचा डबा हातात घेऊन उभी. काकूंना काही कळेना. काकांना मात्र कळलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान भिंतीकडे वळवली. संदेश तिकडून हॅलो, हॅलो म्हणत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरूकाकू आमच्या घरी आल्या. आईने पाट दिला तरी बसल्या नाहीत. म्हणाल्या, कालपासून त्यांनी अन्नाला तोंड लावलं नाही, मालीशवाला आला त्याला डाव्या हाताने ढकलून दिलं, डोळेच उघडत नाहीत. अप्पा म्हणायला गेले, की वहिनी, मी आपलं त्याची जागा जाऊ नये म्हणून केलं. काकू कधी आवाज चढवून बोलणाऱ्या नव्हत्या. तेव्हाही चढवला नाही.

"हात गेला, पाय गेला, जीभ गेली त्यांची," त्या म्हणाल्या. "स्वतःचं असं मत तेवढं शिल्लक होतं, भावजी. ते तुम्ही नेलंत."

 पायात चप्पल न घालता अप्पा काकूंच्या मागून गेले. खाटेपाशी बसून म्हणाले, मास्तर, चुकलं माझं. काकांनी डोळे उघडले नाहीत. अप्पा तासभर बसले आणि उठून सरळ चौकात गेले. भर दुपारी, दिवसा पुसायचं नाही हा नियम मोडून, त्यांनी उजवी बाजू स्वच्छ पुसून काढली. मग डावीकडचंही आपलं पुसलं आणि तिथे मोठ्या अक्षरात लिहिलं:

'गेले तीन आठवडे उजवीकडचं मीच लिहीत होतो. मास्तरांनी त्यातलं एक अक्षरही सांगितलेलं नाही. ती त्यांची मतं नव्हेत. लोकांची आणि मास्तरांची माफी मागतो. मु. वि. हिंगमिरे.'

मी फोटो काढला आणि या वेळी न कापता सगळीकडे पाठवला, काकूंनाही. ग्रुपवर कुणी हसलं, कुणी म्हणालं, आम्हाला येडं समजता काय. संदेश ग्रुप सोडून गेला. अप्पांच्या जिवाला ते फार लागलं. त्या पोराला लहानपणी एसटीत पुढच्या सीटवर बसवून त्यांनीच फिरवलं होतं.

त्यानंतर सहा दिवस फळ्यावर काही उमटलं नाही. अप्पा सात वाजता जायचे, फळ्यासमोर उभे राहायचे, परत यायचे. आई म्हणाली, निदान ती माफी तरी पुसा, लोक येता-जाता वाचतात. अप्पा म्हणाले, इतके दिवस माझं मीच पुसत आलो, पण ही पुसायचा हक्क मास्तरचा. मी विचारलं, आणि काका आलेच नाहीत तर? तर राहील, म्हणाले. चेहरा असा उतरला होता की मला पुढे बोलवेना. जेवायला बसायचे आणि आमटीत बोट फिरवत राहायचे. त्यांचं मन फक्त एकाच गोष्टीत अडकलं होतं, निवृत्ती माळवदे पुन्हा आपल्याशी भांडेल की नाही.

सातव्या दिवशी सकाळी चौकात रिक्षा येऊन थांबली. आधी सरूकाकू उतरल्या, मग रिक्षावाल्याने आणि चहावाल्याने मिळून काकांना चाकाच्या खुर्चीत बसवलं. काका पार वाळले होते, पण दाढी केलेली होती आणि अंगात इस्त्रीचा शर्ट होता. अप्पा बाकावरून उठले आणि जागच्या जागी उभे राहिले. पुढे जावं की नाही, त्यांना समजेना.

खुर्ची फळ्याजवळ गेली. काकांनी डाव्या हाताने डावीकडच्या मजकुराकडे बोट केलं आणि काकूंकडे बघितलं. काकूंना कळलं. नियमच होता, आधी वाचायचं. त्यांनी अप्पांची माफी मोठ्याने वाचली, अगदी नावापर्यंत. वाचून झाल्यावर काकांनी ओला फडका मागून घेतला आणि डाव्या हाताने, वेडेवाकडे हात मारत, ती पुसली. वरची ओळ त्यांच्या हाताला येत नव्हती. ती राहिली. अप्पांनी मान खाली घातली. ते रडत होते, उगाच लपवायला नको.

मग काकांनी खडू मागितला. चौक एव्हाना भरला होता. काकूंनी खुर्ची उजवीकडे सरकवली. डाव्या हाताने लिहायला त्यांना जेवढा वेळ लागला तेवढ्यात माझा चहा निवून गेला. एक अक्षर गाडीएवढं, दुसरं मुंगीएवढं. खडू दोनदा पडला. दोन्ही वेळा कुणीतरी उचलून द्यायला धावलं आणि दोन्ही वेळा काकूंनी त्यांना मागे सारलं. काका स्वतः वाकले, स्वतः उचलला. शेवटी दोन शब्द झाले.

'कॅमेरे हवेत.'

लोक टाळ्या वाजवायच्या तयारीत होते, ते तसेच थांबले. कारण अप्पांचंही तेच मत होतं. अप्पांनी एवढा जीव ओतून जे विरोधाचं लिहिलं होतं, ते काकांचं म्हणणं नव्हतंच मुळी. सरूकाकू मग हळू आवाजात म्हणाल्या, की दुकान बंद झाल्यावर म्हैस घेतलीय, पहाटे पाचला अंधारात मी एकटी याच चौकातून डेअरीला दूध घालायला जाते, मी परत येईपर्यंत हे दाराकडे बघत पडलेले असतात. एवढंच. हे अप्पांना माहीत नव्हतं. मलाही माहीत नव्हतं. आम्ही रोज भाजी पोचवत होतो, पण काकू पहाटे कुठे जातात हे एकदाही विचारलं नव्हतं.

काकांनी खडू अप्पांच्या पुढे धरला. म्हणजे, आता तुझं लिही.

अप्पांनी तो घेतला. सगळ्यांना वाटलं, आज एकतीस वर्षांनी दोन्ही बाजूंना एकच मत येणार. चहावाला तर म्हणाला, आज चहा फुकट. अप्पा फळ्यापुढे उभे राहिले. एकदा काकांच्या त्या दोन शब्दांकडे बघितलं, एकदा काकांकडे. काकांचा हात दमून मांडीवर पडला होता, पण नजर खडूवर होती. मग अप्पांनी आपल्या बाजूला ठळक, सरळ, एसटीच्या पाटीसारख्या अक्षरात लिहिलं:

'कॅमेरे नकोत. कॅमेरा चोर गेल्यावर चोर दाखवतो. बाईमाणसाला पहाटे कॅमेरा नको, दिवा हवा आणि सोबत हवी. तेवढा पैसा दिव्यांना लावा. मास्तरांनी यावर उत्तर द्यावं.'

चौकात एकच कालवा झाला. काल हवेत म्हणणारा आज नकोत म्हणतो, कंट्रोलरने पलटी मारली की काय, कुणी काय, कुणी काय. अप्पांनी कुणाकडे लक्ष दिलं नाही. काकांकडे बघत उभे राहिले.

काकांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांचा चेहरा लाल झाला. डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटायला लागला आणि तोंड वाकडं होऊन हलायला लागलं. काकू घाबरून पुढे झाल्या. काकांनी त्यांना हातानेच थांबवलं. घशातून काहीतरी वर येत होतं, अडत होतं, पुन्हा येत होतं. 

"उद्या," काका म्हणाले.

जड, घोगरा, पण शब्द स्पष्ट होता. तीन महिन्यांतला पहिला. सरूकाकूंनी तोंडाला पदर लावला आणि त्या खुर्चीमागेच खाली बसल्या. अप्पांनी फक्त मान डोलावली, म्हणजे ठीक आहे, उद्या, आणि खडू खिशात टाकून घराकडे वळले.

वाटेत मी त्यांना गाठलं.  म्हटलं, अप्पा, तीन आठवडे काकांच्या बाजूने लिहून लिहून तुमचंच मत बदललं वाटतं.

"वेडी का काय," अप्पा म्हणाले. "कॅमेरे हवेतच. आजही हवेत. दिवेही हवेत."

"मग असं का लिहिलंत? लोक तुम्हाला पलटीबहाद्दर म्हणतायत."

"म्हणू देत. मीही हवेत लिहिलं असतं तर भांडण मिटलं. उद्या तो कशाला आला असता?"

मी रस्त्यातच थांबले. माझ्या बापाला स्वतःच्या मताचा केवढा ताठा होता ते मला माहीत होतं. त्या मतापायी त्यांनी सोयरिकी मोडल्या होत्या, साहेबांशी वाकडं घेतलं होतं. पुढे महिनाभर ते चौकात रोज स्वतःच्याच विरुद्ध लिहीत राहिले, लोकांची बोलणी खात राहिले, आणि काका रोज येऊन त्यांचं खोडून काढत राहिले. दोन शब्दांचे चार झाले, चारांची एक ओळ झाली. पुढच्या दिवाळीला संदेश आला तेव्हा काकांनी त्याला नावाने हाक मारली. ही गोष्ट मी आत्तापर्यंत कुणाला सांगितली नव्हती, कारण त्या दिवशी रस्त्यात अप्पांनी मला तशी शपथ घातली होती. आता दोघेही नाहीत, म्हणून सांगते.

शपथ घालून झाल्यावर ते पुन्हा चालायला लागले. चार पावलं गेले, थांबले, हात मागे बांधले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडावर रंग आला होता.

"सुप्रे," म्हणाले, "काय लिहील गं तो उद्या?"

मी म्हटलं, मला काय ठाऊक.

"मलापण नाही ठाऊक," अप्पा म्हणाले, आणि हसतच घरात शिरले.